सर्चचं पान परस्पर बदलतं तेव्हा : ॲडवेअर ओळखायचं कसं आणि काढायचं कसं

या मालिकेतल्या ज्या भागाखाली सर्वांत जास्त प्रश्न आले, त्या भागाचं हे लिखित रूप. व्हिडिओत मी स्क्रीन दाखवत होतो, बाण फिरवत होतो. इथे ते सगळं शब्दांनी करायचं आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ. संगणक समोर उघडून ठेवलात तर वाचता वाचता काम होऊन जाईल.

प्रश्न बहुतेक एकाच धाटणीचे असतात. बेळगावहून, इंदूरहून, बडोद्याहून, आणि इथे बेंगळुरूत तर रोजच. "गूगल उघडलं की भलतंच पान येतं." "कोपऱ्यात सारखं येतं की तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत." "मी काहीच केलं नाही, तरी जाहिराती येतात." यातलं तिसरं वाक्य मला फार आवडतं, कारण बहुतेक वेळा ते अगदी खरं असतं. माणसाने एवढंच केलेलं असतं, की कुठल्यातरी फुकट सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरमध्ये 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' दाबलेलं असतं. मधल्या एका पडद्यावर बारीक अक्षरात आधीच टिकमार्क करून ठेवलेला असतो, की आमचं हे सर्च पण घ्या, हा टूलबार पण घ्या. तो कोण वाचतो?

आपल्या मराठी घरांत हे कुठून येतं, तर माझ्या पाहण्यातला नेहमीचा रस्ता आहे मराठी टायपिंगचा. गूगलने विंडोजसाठी इनपुट टूल्स नावाचं छान साधन दिलं होतं, इंटरनेट नसतानाही चालणारं. कंपनीने ते अधिकृतपणे द्यायचं बंद केलं, पण लोकांची सवय गेली नाही. लग्नपत्रिका करायची असते, मंडळाचा अहवाल टाइप करायचा असतो, गणपतीची वर्गणी यादी असते. मग माणूस शोधतो 'मराठी टायपिंग फ्री डाउनलोड' आणि कुठल्यातरी तिऱ्हाईत साइटवरून फाइल उतरवून घेतो. त्या पानावर डाउनलोडची चार हिरवी बटणं असतात आणि त्यातली तीन जाहिराती असतात. दुसरा रस्ता म्हणजे क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर. आमच्याकडे एस. पी. रोडला, म्हणजे सादर पत्रप्पा रस्त्यावर, जुने लॅपटॉप ढिगाने मिळतात. त्यांवर 'सगळं टाकून देतो सर' म्हणून जे टाकलेलं असतं, त्यात कधी कधी न मागितलेलंही बरंच असतं.

नावाजलेल्या ठिकाणीही हे झालेलं आहे. सीनेटच्या डाउनलोड साइटने २०११ मध्ये एनमॅप या मोफत साधनाभोवती स्वतःचा इन्स्टॉलर गुंडाळून त्यातून टूलबार वाटला, आणि एनमॅपच्या कर्त्याने त्याविरुद्ध जाहीर तक्रार केली. सोर्सफोर्जवर २०१५ मध्ये गिम्प या चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत तसाच गदारोळ झाला. पुढे तिथे मालक बदलले आणि त्यांनी तो प्रकार बंद केला.

आता यात कुणाचा काय फायदा? एक जाहिरात दाखवून कितीसे पैसे मिळणार, असं वाटतं. पण हिशेब संख्येचा असतो. २०१७ च्या जूनमध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने 'फायरबॉल' नावाच्या ॲडवेअरबद्दल अहवाल दिला. बीजिंगच्या राफोटेक नावाच्या एका डिजिटल मार्केटिंग कंपनीकडे त्यांनी बोट दाखवलं. इतर फुकट सॉफ्टवेअरबरोबर ते गुपचूप शिरायचं, ब्राउझरचं मुख्यपान आणि सर्च बदलायचं, आणि नकली सर्चमधून तुमचा शोध याहू किंवा गूगलकडे पाठवून द्यायचं. उत्तर याहूचंच यायचं, पण वाटेत दलाली आणि तुमची माहिती काढून घेतली जायची. चेक पॉइंटच्या अंदाजानुसार जगभरात २५ कोटी संगणक बाधित होते आणि त्यात सर्वांत मोठा वाटा भारताचा, सुमारे अडीच कोटी. मायक्रोसॉफ्टने थोड्याच दिवसांत सांगितलं की आमच्याकडच्या नोंदींनुसार हा आकडा बराच फुगवलेला आहे. आकड्याचं काही असो. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. फायरबॉलमध्ये तुमच्या संगणकावर हवा तो प्रोग्राम उतरवून चालवायची सोय होती. म्हणजे आज जाहिरात, उद्या काहीही.

म्हणून 'जाहिरातीच तर आहेत, राहू देत' हे मला मान्य नाही. मल्लेश्वरममधल्या एका काकांचं सांगतो. बँकेतून निवृत्त, हिशेबाला अतिशय पक्के. त्यांच्या लॅपटॉपवर चार-सहा महिने असंच एक परकं सर्च होतं. दिसायला साधारण गूगलसारखं, त्यामुळे त्यांना काही खटकलं नव्हतं. एके दिवशी कार्डाची काहीतरी तक्रार होती म्हणून त्यांनी ग्राहक सेवेचा नंबर शोधला. सर्वांत वर जो नंबर आला तो मोबाइल नंबर होता. पलीकडचा माणूस शुद्ध हिंदीत, अदबीने बोलत होता आणि म्हणाला, "सर, एक छोटं ॲप घ्या, मी इथूनच दुरुस्त करून देतो." ते ॲप म्हणजे दुसऱ्याला आपली स्क्रीन दाखवणारं. काकूंनी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि विचारलं, "बँक कधीपासून स्वतःहून एवढी गोड बोलायला लागली?" काकांनी फोन ठेवला. पैसे वाचले ते त्या एका प्रश्नामुळे. खरा गूगलही कधी कधी फसवे नंबर दाखवतो, हे खरंच. पण ज्याचं सर्च त्याच्या ताब्यात नाही, त्याला वर काय दाखवायचं ते दुसराच कुणीतरी ठरवतो.

बरं, आता कामाला लागू. सगळ्यात आधी निदान. लोक थेट काहीतरी क्लीनर डाउनलोड करतात, आणि तो क्लीनरच पुष्कळदा नवा पाहुणा असतो. तसं करू नका. आधी स्वतःला चार प्रश्न विचारा. जाहिरात स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात छोट्या चौकटीत येते का? एकाच ब्राउझरमध्ये त्रास आहे, की क्रोम, एज, फायरफॉक्स सगळ्यांत? तुमच्या खात्याने दुसऱ्या संगणकावर लॉगिन केलं तर तिथेही हाच त्रास जातो का? आणि घरातल्या वायफायवर फोनमध्येही तेच होतं का?

कोपऱ्यातली चौकट म्हणजे दहातले निम्म्याहून अधिक 'व्हायरस'. हा माझा अनुभव आहे, आकडेवारी नव्हे. तो व्हायरस नसतोच. कुठल्यातरी साइटने विचारलेलं असतं की सूचना पाठवू का, किंवा 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा', आणि आपण दाबलेलं असतं. त्या चौकटीत बारीक अक्षरात ब्राउझरचं आणि साइटचं नाव असतं, ते वाचा. क्रोममध्ये उजवीकडचे तीन ठिपके, मग सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी मिळालेल्या साइटची यादी दिसेल. अनोळखी नावं काढून टाका. मी तर जीमेल आणि कॅलेंडर सोडून सगळीच काढतो. एजमध्ये आणि फायरफॉक्समध्येही सेटिंग्जच्या वरच्या शोधचौकटीत 'नोटिफिकेशन' टाइप केलं की तीच यादी सापडते. दोन मिनिटांचं काम. ज्यांचा त्रास एवढाच होता त्यांनी इथे चहा घ्यायला हरकत नाही.

एकाच ब्राउझरमध्ये त्रास असेल तर संशय एक्स्टेन्शनवर. सगळ्या ब्राउझरमध्ये असेल तर संगणकात प्रोग्राम शिरलेला आहे, किंवा प्रॉक्सी बदलली आहे. फोनमध्येही तेच होत असेल तर राउटरची डीएनएस सेटिंग बघावी लागेल. राउटरचा पासवर्ड अजून 'ॲडमिन'च असेल तर तो आजच बदला.

काढायचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा सिंक बंद करा. पुष्कळ लोक विचारतात, मी एक्स्टेन्शन काढलं तरी ते परत कसं येतं? कारण ते तुमच्या खात्यात साठवलेलं असतं आणि क्रोम प्रामाणिकपणे ते परत आणून देतो. तेव्हा आधी सिंक थांबवा, सगळं स्वच्छ करा, मग चालू करा. दुसरं, आधी प्रोग्राम काढा आणि नंतर एक्स्टेन्शन. उलट केलंत तर आत बसलेला प्रोग्राम एक्स्टेन्शन पुन्हा टाकतो. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखं आहे ते.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स इथे जा. यादी नावाने नको, तारखेने लावा. त्रास साधारण कधी सुरू झाला ते आठवा आणि त्या दिवसाच्या आसपास काय काय आलं ते बघा. बऱ्याचदा एकाच दिवशी तीन-चार अनोळखी नावं रांगेत बसलेली दिसतात, आणि त्यांच्याबरोबर ते मराठी फॉन्टचं किंवा पीडीएफचं मूळ सॉफ्टवेअरही. सगळी मंडळी एकाच गाडीतून उतरलेली. काढताना मात्र घाईने बटण दाबू नका. हे प्रोग्राम जाता जाता विचारतात, 'तुम्हाला खरंच आमची सुरक्षा नको आहे का?' आणि मोठं ठळक बटण 'ठेवा' असं असतं, खरं बटण फिकट रंगात. एखादं नाव माहीत नसेल तर ते दुसऱ्या संगणकावर किंवा फोनवर शोधा. लॅपटॉपच्या कंपनीचे, ग्राफिक्सचे, साउंडचे प्रोग्राम अनोळखी वाटतात पण लागतात.

मग ब्राउझरकडे. तीन ठिपके, एक्स्टेन्शन्स, मॅनेज एक्स्टेन्शन्स. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: पूर्वी चांगलं होतं म्हणून आजही चांगलं आहे असं नाही. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं एक एक्स्टेन्शन होतं, न वापरलेले टॅब झोपवून ठेवणारं. लाखो लोक वापरत होते, मीही अनेकांना सुचवलं असतं असं ते होतं. त्याच्या कर्त्याने ते २०२० मध्ये विकलं, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलने ते घातक म्हणून काढून टाकलं. ज्यांनी ते बसवलं होतं त्यांनी मधल्या काळात काहीही केलं नव्हतं. एक्स्टेन्शन आपोआप अद्ययावत होतं, आणि मालक बदलला हे आपल्याला कुणी कळवत नाही. त्यामुळे गेल्या महिन्याभरात वापरलं नसेल ते काढा, भले त्याला कितीही तारे मिळालेले असोत.

एक्स्टेन्शन काढायचं बटणच दिसत नसेल, किंवा मेनूच्या तळाला 'हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित आहे' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असेल, तर थांबा. बेंगळुरूत हा प्रश्न मला वेगळ्या पद्धतीने विचारावा लागतो: लॅपटॉप कुणाचा? इथे निम्म्या घरांत जेवणाच्या टेबलावर जो लॅपटॉप असतो तो कंपनीचा असतो. तिथे ही ओळ अगदी बरोबर आहे, कंपनीने ती मुद्दाम लावलेली आहे. तिला हात लावू नका, आयटी विभागाला फोन करा, आणि कृपा करून त्यावर मुलांचे गेम उतरवू नका. पण लॅपटॉप तुमच्या स्वतःच्या पैशांचा असेल आणि तरी ही ओळ असेल, तर ॲडवेअरने ब्राउझरला खोटी 'पॉलिसी' लावलेली असण्याची दाट शक्यता आहे. पत्त्याच्या जागी क्रोम, मग कोलन, दोन तिरप्या रेघा आणि पॉलिसी असं टाइप केलं की काय काय लादलं आहे त्याची यादी दिसते. काही अँटीव्हायरसही अशी पॉलिसी लावतात, म्हणून यादी वाचून मगच ठरवा. ती पुसायला विंडोजच्या रजिस्ट्रीत जावं लागतं. व्हिडिओत मी ते करून दाखवलं नाही आणि इथेही सांगणार नाही, कारण रजिस्ट्रीत एक नोंद चुकून उडाली तर दुखण्यापेक्षा औषध भारी पडतं. पुढे सांगतो ते साधन बहुतेक वेळा ही पॉलिसी काढतं.

ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'रीसेट' म्हणून पर्याय असतो, तो आता वापरा. लोक घाबरतात की बुकमार्क जातील, पासवर्ड जातील. क्रोममध्ये रीसेट केल्यावर बुकमार्क, हिस्टरी आणि साठवलेले पासवर्ड राहतात. मुख्यपान, सर्च इंजिन आणि पिन केलेले टॅब मूळ स्थितीत येतात, एक्स्टेन्शन बंद होतात, कुकी जातात, म्हणजे साइट्सवर पुन्हा लॉगिन करावं लागेल. फायरफॉक्समध्ये यालाच 'रिफ्रेश' म्हणतात, आणि तिथे एक्स्टेन्शन निघूनच जातात. आणखी एक, जुन्या लेखांत क्रोमच्या आतलं सफाईचं साधन वापरा असं लिहिलेलं आढळेल. गूगलने ते २०२३ मध्ये काढून टाकलं. ते सापडत नाही म्हणून हैराण होऊ नका.

आता तपासणीचं साधन. ॲडडब्ल्यूक्लीनर हे लहानसं साधन मी पहिल्यांदा वापरतो. फ्रान्समध्ये २०११ च्या सुमारास तयार झालं, २०१६ मध्ये मालवेअरबाइट्सने घेतलं. इन्स्टॉलही करावं लागत नाही. फक्त मालवेअरबाइट्सच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, कारण याच्या नावाचेही नकली भाऊ फिरतात. ते जे दाखवेल त्यात 'प्रीइन्स्टॉल्ड' म्हणून लॅपटॉप कंपनीचे प्रोग्रामही येतात, ते काढणं सक्तीचं नाही. त्यानंतर विंडोजच्या डिफेंडरचं फुल स्कॅन लावा आणि जेवायला बसा. शिवाय विंडोज सिक्युरिटीमध्ये ॲप अँड ब्राउझर कंट्रोल, तिथे रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन, आणि त्यात नको असलेली ॲप्स अडवण्याचा पर्याय आहे. मायक्रोसॉफ्टने २०२१ च्या ऑगस्टपासून तो मुळातच चालू ठेवायला सुरुवात केली, पण जुन्या संगणकांवर बंद सापडतो. ॲडवेअर कायद्याच्या काठावर चालतं, तुम्ही 'नेक्स्ट' दाबलेलं असतं ना. म्हणून व्हायरस शोधणारी साधनं त्याला पूर्वी सोडून द्यायची. हा पर्याय त्यासाठीच आहे.

सरकारी साधन हवं असेल तर सायबर स्वच्छता केंद्र आहे. सर्ट-इन ही आपली राष्ट्रीय संस्था ते चालवते, २०१७ च्या फेब्रुवारीत सुरू झालं. तिथे सफाईची साधनं मोफत मिळतात. सुरुवातीला त्यात पुण्याच्या क्विक हीलचं साधन होतं. साताऱ्याकडच्या रहिमतपूरच्या काटकर बंधूंची ही कंपनी. थोरले कैलास कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे आणि धाकट्या संजय यांनी नव्वदच्या दशकात अँटीव्हायरस लिहिला. मराठी माणसाने काय केलं याच्या याद्यांत हे नाव जरा कमीच येतं.

एवढं करूनही पान बदलतंच असेल, तर उरलेल्या तीन-चार जागा. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या चिन्हावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, आणि 'टार्गेट' या ओळीत शेवटी कुठल्या साइटचा पत्ता चिकटवला आहे का ते बघा. असेल तर ते चिन्ह पुसून नवं करा. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी, तिथे तुम्ही न लावलेली प्रॉक्सी असेल तर बंद करा. टास्क शेड्युलरमध्ये दर तासाला ब्राउझर उघडणारं काम लावून ठेवलेलं असतं, तेही तपासा. मॅक वापरणाऱ्यांनी सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'प्रोफाइल' असं शोधावं. आपण न टाकलेलं प्रोफाइल तिथे असेल तर तेच मूळ.

राहिलं प्रमाणपत्र. हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथे प्रोग्राम काढूनही धोका शिल्लक राहतो. लेनोवोचं भारतातलं मुख्य कार्यालय आमच्याच शहरात आहे, आणि त्यांचे लॅपटॉप आपल्यापैकी अनेकांकडे आहेत. २०१४ च्या अखेरच्या महिन्यांत या कंपनीने काही घरगुती लॅपटॉपवर सुपरफिश नावाचं सॉफ्टवेअर कारखान्यातूनच टाकून दिलं. खरेदीच्या पानांवर जाहिराती घुसवणं हे त्याचं काम. पण बँकेची किंवा खरेदीची पानं कुलूपबंद असतात, त्यात घुसायचं कसं? तर सुपरफिशने विंडोजमध्ये स्वतःचं मूळ प्रमाणपत्र बसवलं. पत्राची उपमा घ्या. तुमच्या आणि बँकेच्या मध्ये एक माणूस बसतो, प्रत्येक लखोटा उघडतो, आत जाहिरात घालतो आणि स्वतःच्या मोहरेने पुन्हा बंद करतो. संगणकाला सांगून ठेवलेलं असतं की ही मोहर खरी समज. त्यातून सगळ्या लॅपटॉपवर मोहर एकच, आणि तिची किल्ली ज्या पासवर्डाने झाकली होती तो पासवर्ड होता 'कोमोडिया', म्हणजे ते तंत्र पुरवणाऱ्या कंपनीचंच नाव. २०१५ च्या फेब्रुवारीत रॉबर्ट ग्रॅहम या तज्ज्ञाने तो शोधून काढला. त्यानंतर कॉफी हाउसच्या वायफायवर बसलेला कुणीही ती मोहर वापरून बँकेचं नकली पान दाखवू शकत होता. लोकांनी सुपरफिश अनइन्स्टॉल केलं, तरी प्रमाणपत्र मागेच राहिलं. शेवटी कंपनीने वेगळं साधन दिलं, मायक्रोसॉफ्टने डिफेंडरमधून ते काढलं, आणि २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ३२ राज्यांशी ३५ लाख डॉलरवर तडजोड झाली.

तुमच्या संगणकावर असं काही आहे का, हे बघायचा सोपा मार्ग: बँकेचं पान उघडा, पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा, प्रमाणपत्र उघडा आणि ते कुणी दिलं आहे ते वाचा. मग तेच फोनवर, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर बघा. दोन्हीकडे एकच नाव हवं. संगणकावर अँटीव्हायरसचं नाव दिसलं तर तोच लखोटे तपासतो आहे. पण वेगळंच अनोळखी नाव असेल, तर त्या संगणकावरून पैशांचा व्यवहार करू नका. अशा वेळी मी तासन्‌तास शोधत बसत नाही. कागदपत्रं आणि फोटो बाहेर काढून विंडोज नव्याने टाकतो.

सफाई झाल्यावर ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला, तोही दुसऱ्या उपकरणावरून. ईमेलच्या सुरक्षा पानावर जाऊन सगळीकडून लॉगआउट करा. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता बरीच असते. बँकेचा नंबर सर्चमधून नको, कार्डाच्या मागे छापलेला असतो तो घ्या.

आणि मराठी टायपिंग. विंडोज १० च्या २०१९ च्या मे महिन्यातल्या आवृत्तीपासून 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड आतच दिलेला आहे. इंग्रजी अक्षरांत 'नमस्कार' लिहिलं की मराठी उमटतं. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज, मग 'ॲड अ लँग्वेज' करून मराठी घ्या, तिच्या पर्यायांत जाऊन कीबोर्ड म्हणून मराठी फोनेटिक निवडा. त्यानंतर विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की भाषा बदलते. वर्गणीची यादी आता कुठलीही फाइल न उतरवता टाइप करता येईल.